ॲसिटोन-फ्री रिमूव्हरने नेलपेंट निघतच नाहीये? आधी हे बघा

ॲसिटोन-फ्री रिमूव्हरबद्दल एकच तक्रार मी सतत ऐकते, ऑफिसात, सोसायटीत, ट्रान्स-हार्बरच्या लेडीज डब्यात सुद्धा, की घासून घासून बोटं दुखली, अर्धा कापूस संपला आणि नखावरचा रंग आहे तिथेच आहे, वर बाजूची कातडी लाल झाली ती वेगळीच. मग लगेच ठरतं की हे म्हणजे नुसतं वासाचं पाणी आहे, आपला जुना ॲसिटोनवालाच बरा होता. तसं नाहीये. मी रबाळे एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये आहे, सॉल्व्हंट, म्हणजे दुसरा पदार्थ विरघळवणारं द्रव, हे रोजचंच काम, आणि या बाटलीत जे असतं ते कामाचं सॉल्व्हंट आहे, फक्त त्याला थोडा वेळ द्यावा लागतो आणि तोच कुणी देत नाही. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी नेलपेंट म्हणजे काय ते बघू, कारण ते कळलं की अर्ध्या तक्रारी आपोआप सुटतात. साध्या नेलपेंटमध्ये मुख्य असतं नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसासारख्या सेल्युलोजपासून केलेला पदार्थ, त्याची पातळ, चकचकीत फिल्म बनते. अमेरिकेत १९२० च्या दशकात मोटारगाड्यांना मारायला जो झटपट वाळणारा रंग आला तो याच कुळातला. बाटलीत हे सगळं पातळ राहावं म्हणून त्यात इथाइल ॲसिटेट आणि ब्युटाइल ॲसिटेट घातलेलं असतं, नखाला लावल्यावर ते उडून जातं आणि रंग मागे राहतो. इतकंच, आत काही रासायनिक पक्कं होत नाही. त्यामुळे तेच सॉल्व्हंट परत मिळालं की फिल्म परत विरघळते. आणि बहुतेक ॲसिटोन-फ्री रिमूव्हरमध्ये हेच इथाइल ॲसिटेट असतं, म्हणजे नेलपेंट ज्यात मुळात विरघळवलेलं होतं त्यातच आपण ते परत विरघळवतोय. काम करायला पाहिजेच. ॲसिटोन मात्र याच्यापेक्षा जोरात आणि पटकन फिल्ममध्ये घुसतं, म्हणून त्याच्याबरोबर घासायची सवय लागलेली असते, कापूस फिरवला की रंग आला. इथाइल ॲसिटेटला आत शिरायला काही सेकंद जास्त लागतात.

तर मुख्य उपाय हा. घासायचं नाही, ठेवायचं. दूध लागलेलं पातेलं आपण लगेच तारेच्या घासणीने खरवडत नाही, पाणी घालून बाजूला ठेवतो, तसंच. कापसाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, मोठा बोळा नको, मोठा बोळा सगळं रिमूव्हर स्वतःच पितो आणि नखापर्यंत काहीच पोचत नाही. तो तुकडा चांगला ओला करायचा, गळेल इतका नाही पण दाबला की ओल दिसेल इतका, नखावर ठेवायचा, वरून अंगठ्याने हलकं दाबून ठेवायचं आणि मनात तीस आकडे मोजायचे. मग दाब तसाच ठेवून कापूस नखाच्या मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेने ओढायचा. गोल गोल फिरवायचं नाही, कारण विरघळलेला रंग मग आजूबाजूच्या कातडीत आणि नखाच्या कडेला जाऊन बसतो.

माझी नणंद कळव्याला असते, तिच्या हातावर दिवाळीचं गडद मरून होतं, दोन कोट आणि वर टॉपकोट. ती सोफ्यावर बसून कापूस रगडत होती आणि "वहिनी, हे बघा ना, नुसता गुलाबी होतोय, निघत काहीच नाही" म्हणत होती. मी तिच्या करंगळीवर ओला कापूस ठेवला आणि दाबून धरला. दहापर्यंत काहीच नाही, तिचा चेहरा तसाच. वीसच्या पुढे कापसाच्या कडेने मरून रंगाची बारीक रेघ बाहेर यायला लागली, पंचविशीला कापूस नखावर किंचित सरकायला लागला, म्हणजे खाली फिल्म मऊ झाली होती. तीसला ओढला तर नखाच्या मधला सगळा रंग एका ओढीत कापसावर आला, दोन्ही कोपऱ्यांत फक्त केसाएवढी रेघ उरली. ती रेघ नव्या कापसाने काढायची, त्याच मळक्या कापसाने नाही. हा कापूस सरकण्याचा क्षण बोटाला बरोबर कळतो, तो एकदा ओळखता आला की मोजायचीही गरज पडत नाही.

आता एवढं करूनही रंग हलत नसेल तर नखावर काय आहे ते तपासा. पार्लरमध्ये लावून घेतलं होतं का, आणि लावल्यावर निळसर उजेडाच्या छोट्या मशीनमध्ये हात ठेवायला सांगितला होता का? असेल तर ते जेल आहे आणि ॲसिटोन-फ्रीने ते निघणार नाही, कितीही ठेवा. जेल त्या उजेडात पक्कं होतं, आतले रेणू एकमेकांना बांधले जातात, ती वाळलेली फिल्म नाही तर घट्ट झालेलं प्लास्टिक असतं, त्यामुळे विरघळायला काही उरतच नाही. ॲसिटोनसुद्धा ते विरघळवत नाही, फुगवतं आणि सैल करतं, म्हणून पार्लरमध्ये आधी वरचा थर फाइलने खरवडून मग ॲसिटोनचा कापूस फॉइलमध्ये गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवतात. डिप पावडर, म्हणजे नखाला गोंद लावून वर रंगीत पावडरीचा थर, केलेली असेल तरी तेच. इथे घरी झटापट करू नका, जिथे लावलं तिथे जाऊन काढून घ्या. आणि एक कोपरा सुटलाय म्हणून सोलून काढायचा मोह तर अजिबात नको, त्याच्याबरोबर नखाचा वरचा थर निघून येतो आणि मग ते नख वाढून कापलं जाईपर्यंत पापुद्र्यासारखं पातळ राहतं. हे मी कळकळीने सांगते कारण कॉलेजच्या मुली बसमध्ये बसल्या बसल्या सोलत असतात.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. बाटलीवर जेल इफेक्ट, जेल फिनिश, जेल शाइन असं लिहिलेलं असतं आणि आपण घरीच लावलेलं असतं, मशीन-बिशीन काही नाही. ते साधं नेलपेंटच आहे, फक्त चमक जास्त, आणि ते ॲसिटोन-फ्रीने नीट निघतं. थोडक्यात मशीन लागलं असेल तर जेल, मशीनही नाही आणि डिप पावडरही नाही तर साधं. आठवत नसेल तर एका नखाच्या कोपऱ्यावर ओला इअरबड मिनिटभर दाबून ठेवा, कापसावर रंगाचा ठिपकाही आला नाही तर ते साधं नेलपेंट नाही.

ग्लिटरचं वेगळं. ग्लिटर म्हणजे प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या, त्या कुठल्याच रिमूव्हरमध्ये विरघळत नाहीत, त्यांना धरून ठेवणारी फिल्म तेवढी विरघळते. म्हणून ग्लिटरला तीस सेकंद पुरत नाहीत, पाच मिनिटं तरी द्या, आणि त्या पाच मिनिटांत रिमूव्हर उडून जाऊ नये म्हणून कापसावरून जेवण बांधायच्या फॉइलचा तुकडा गुंडाळा. मग फॉइल धरून बोटाला चिमटा दिल्यासारखं दाबून एकदम खेचा. उरलेल्या चकत्या नखाने खरवडू नका, पुन्हा ओलं करा. लग्नात लहान मुलींना ग्लिटर लावायचं असेल तर खाली सोलून निघणारा पील-ऑफ बेस मिळतो तो लावा, त्यांना इतका वेळ गप्प बसवणं कठीण असतं.

मग बाटलीकडे वळू. ॲसिटोन-फ्री म्हणजे सगळी एकच वस्तू नाही, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही. मागे घटकांची यादी असते, जास्त प्रमाणात जे आहे ते आधी लिहिलेलं असतं, ती वाचा. पहिलं नाव इथाइल ॲसिटेट असेल, वास गोडसर पण नाकाला झोंबणारा असेल, तर वर सांगितलेले तीस सेकंद पुरतात. प्रोपिलीन कार्बोनेट किंवा सोयाबीनच्या तेलापासून केलेले एस्टर वगैरे पुढे लिहिले असतील, वास जवळजवळ नसेल आणि बोटांना तेलकट लागत असेल, तर तो हळू काम करणारा प्रकार आहे, त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. वाईट नाही, उलट वासाने डोकं दुखणाऱ्यांसाठी हाच बरा, आणि हळू उडतो म्हणून मध्ये परत परत ओतावा लागत नाही. पण इथाइल ॲसिटेटच्या अपेक्षेने हा घेतला तर निराशा होणार. तिसरा प्रकार म्हणजे गोल डबीतल्या भिजवलेल्या चकत्या, स्टेशनबाहेर आणि कटलरीच्या दुकानात मिळतात. त्या प्रवासाला ठीक, फिक्या रंगाच्या एका कोटाला ठीक, दोन कोट गडद रंगाला एका चकतीत सगळी बोटं होतील अशी अपेक्षा ठेवू नका. डबी नीट बंद राहिली नाही तर आतल्या चकत्यांतलं सॉल्व्हंट उडतं आणि मागे नुसता तेलकट ओलेपणा उरतो.

"पहिल्यांदा मस्त निघायचं, आता त्याच बाटलीने निघत नाही" असं कुणी म्हटलं की मी आधी झाकण बघते. इथाइल ॲसिटेट ७७ अंशाला उकळतं, ॲसिटोन ५६ ला, म्हणजे दोन्ही पाण्याच्या खूप आधी, आणि झाकण सैल राहिलं तर आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये ते सहज उडत राहतं. बाटलीत मग पाणी, तेल, रंग, सुगंध जास्त आणि कामाचं कमी. अशा बाटलीला काही उपाय नाही, नवीन आणा. पाणी घालून वाढवू नका, तेही बऱ्याच घरात होतं, हँडवॉशसारखं हे पण थोडं वाढवू म्हणून. इथाइल ॲसिटेट पाण्यात थोडंसंच मिसळतं, बाकी काम बिघडतं. आणि दोन थर वेगळे दिसतात असा प्रकार असेल तर तो खराब झालेला नाही, वरचं तेल आणि खालचं पाणी हलवून एक करायचं आणि लगेच कापसावर घ्यायचं.

पंखा. हा कुणाच्या लक्षात येत नाही. हॉलमध्ये पंखा पाचवर, त्याच्याखाली बसून रिमूव्हर लावलं की ते नखावर पोचून आत शिरायच्या आधीच उडतं, विरघळलेला रंग परत जागेवरच चिकट होऊन बसतो आणि मग नखावर च्युइंगमसारखा थर राहतो. पंखा तेवढ्यापुरता बंद करा पण खिडकी किंवा गॅलरीचं दार उघडं ठेवा, वाफ कोंडली तर डोकं धरतं. एसी लावून बंद बेडरूममध्ये अजिबात करू नका.

पावसाळ्यात आणखी एक होतं. रंग निघाला असं वाटतं आणि मिनिटाभरात नखावर पांढुरकं धुकट दिसतं, मग बायका घाबरतात की नख खराब झालं. बहुतेक वेळा नेलपेंटचा अगदी पातळ थर शिल्लक असतो. रिमूव्हर झपाट्याने उडताना नखाचा पृष्ठभाग थंड होतो, जुलैच्या दमट हवेतली ओल त्यावर बसते आणि ती पातळ फिल्म दुधाळ दिसते. रंगाच्या धंद्यात हा प्रकार रोजचा, पावसाळ्यात लॅकर, म्हणजे असाच झटपट वाळणारा रंग, मारला की पांढरट पडतो. कोरडा नवा कापूस घेऊन तो रिमूव्हरने ओला करून दुसऱ्यांदा पुसा, जातं. कापूस कपाटात उघडा ठेवलेला असेल तर तोही दमट होतो, रोल पिशवीत बांधून ठेवा. दुसऱ्यांदा पुसूनही पांढरं राहिलं आणि हात लावला की खरखरीत लागलं तर ते नख कोरडं पडलंय, वरचा थर सुकून उकललाय. महिना महिना तोच रंग ठेवला, वरून नवा कोट मारत राहिलो की असं होतं. त्याला तेल लावून थोडे दिवस रंगाशिवाय मोकळं ठेवणं हाच उपाय, वरून घासून ते जात नाही.

पिवळेपणाबद्दल जरा जास्त लिहिते कारण आपल्या घरांत त्याची दोन कारणं असतात आणि ती एकमेकांत मिसळतात. एक, गडद लाल किंवा मरून रंग बेसकोट न लावता आठवडे ठेवला तर रंगद्रव्य नखात मुरतं. दुसरं, हळद. रोज फोडणी, रोज लोणच्याचा चमचा, कैरीच्या दिवसांत तर हात पिवळेच. फिका न्यूड किंवा पांढरा रंग लावलेला असेल तर हळद त्या रंगाच्या वरच बसते. ओळखायची सोपी युक्ती आहे, हळदीचा पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही पण या सॉल्व्हंटमध्ये विरघळतो, म्हणून रंग काढून झालेल्या नखावर ओला कापूस ठेवला आणि तो पिवळा झाला तर हळद समजा, उरलीसुरली थोड्या दिवसांत उन्हाने फिकी पडते. कापूस पांढराच राहिला आणि नख पिवळं, तर डाग नेलपेंटचा आहे आणि तो रिमूव्हरने जाणार नाही, कितीही ओता. त्यावर लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट घासत बसतात, त्याने नख फक्त झिजतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पूर्ण बदलायला सहा महिने जातात, पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष. डाग त्याच्या गतीने पुढे सरकून कापला जातो. पुढच्या वेळी खाली पारदर्शक बेसकोट लावा, बाकी काही नको. पण पिवळ्याबरोबर नख जाड होतंय, भुसभुशीत होतंय, खालून सुटतंय असं असेल तर ते फंगस असू शकतं, आणि नखात काळी उभी रेघ नवीन दिसली असेल तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, वरून रंग लावून झाकू नका.

आणि मेंदी. हळदीच्या दिवशी नखांवर चढलेली मेंदी रिमूव्हरने काढता येते का हे दर लग्नसराईत कुणीतरी विचारतंच. नाही येत. मेंदीचा रंग नखाच्या प्रथिनाला धरून बसतो, तो वाढूनच जातो.

बाजूची कातडी लाल-मरून होते त्याला उपाय आधी करायचा. नखाच्या कडेच्या कातडीला खोबरेल तेलाचं किंवा पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा, नखावर नाही, फक्त कडेला. मग विरघळलेला रंग कातडीच्या रेषांत शिरत नाही आणि कातडी कोरडीही पडत नाही. राहिलंच थोडं तर इअरबड. नखुरडं झालेलं असेल, कडेला चीर असेल, तर ते बरं होईपर्यंत थांबा, भयंकर झोंबतं.

नवीन नेलपेंट दोन दिवसांत सोलून येतं ही तक्रारही बऱ्याचदा रिमूव्हरचीच असते, पण लोक नेलपेंटच्या कंपनीला बोल लावतात. ॲसिटोन-फ्रीमध्ये नख कोरडं पडू नये म्हणून तेल, ग्लिसरीन असलं काहीतरी घातलेलं असतं, ते नखावर राहतं आणि त्याच्यावर रंग धरत नाही. काढून झालं की साबणाने हात धुवा, पुसा, आणि लगेच लावू नका. नख पाणी पितं आणि थोडं फुगतं, ओल्या नखावर लावलेला रंग नख सुकून आकसलं की तडकतो. भांडी झाल्यावर किंवा आंघोळ करून आल्या आल्या लावलेलं टिकत नाही ते यामुळेच. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग हवं तर कोरड्या कापसाने एकदा पुसा आणि लावा.

जेवायच्या आधी हात धुणं तर हवंच, आपण हाताने जेवतो, कणीक हाताने मळतो. मी तर सगळं आवरल्यावर रात्रीच काढायला सांगते, काढल्यानंतर लगेच भांड्यांचा साबण हाताला लागला की नखं दुप्पट कोरडी होतात, एकदा सॉल्व्हंटने आणि एकदा डिटर्जंटने. रात्री काढा, धुवा, खोबरेल तेल चोळा, झोपा. ॲसिटोन-फ्री नखाला सौम्य असतं हे खरं आहे, पण सौम्य म्हणून आठवड्यातून तीनदा रंग बदलायचा ठरवलं तर नखाचे पापुद्रे सुटणारच.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. ॲसिटोन-फ्री लिहिलं म्हणून ते पेट घेत नाही असा एक समज पसरलाय, तो पूर्ण चुकीचा आहे. इथाइल ॲसिटेटची वाफ शून्याच्या खाली चार अंशाला सुद्धा ठिणगीने पेटू शकते, म्हणजे आपल्या घरात कधीही. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली पसरत जाते, दिसत नाही. नव्या फ्लॅटमध्ये किचन आणि हॉल एकच असतं, इकडे आई डाळ फोडणीला टाकतेय आणि तिकडे डायनिंग टेबलवर मुलगी रिमूव्हर उघडून बसलीये, हे करू नका. देवघरात दिवा किंवा उदबत्ती चालू असेल, पायाशी डासांची कॉइल पेटलेली असेल, तर आधी ते संपू द्या किंवा दुसऱ्या खोलीत खिडकीशी बसा. बाटली गॅसच्या ओट्याखाली, देवघराच्या कप्प्यात, उन्हात येणाऱ्या खिडकीत ठेवू नका. रंगीत आणि छान वासाची असते म्हणून लहान मुलं तोंडाला लावतात, तेव्हा वरच्या फळीवर. चुकून प्यायलंच तर उलटी करवू नका, बाटली बरोबर घेऊन सरळ हॉस्पिटल. डोळ्यात उडालं तर नळाखाली पंधरा मिनिटं धुवा, मग डॉक्टर.

सांडलं तर काय बिघडतं तेही माहीत असू द्या. स्टीलची वाटी, काचेच्या बांगड्या, फरशी, यांना काही होत नाही. थर्माकोलचा किंवा पातळ प्लास्टिकचा डिस्पोजेबल ग्लास मात्र वितळतो, त्यात ओतून बसू नका, स्टीलच्या वाटीत घ्या. पॉलिश केलेलं लाकूड, चष्म्याच्या काड्या, मोबाइलचं कव्हर, इमिटेशनचे दागिने, लाखेच्या आणि प्लास्टिकच्या बांगड्या यांची चमक जाते. चकाकणाऱ्या लायनिंगच्या कापडावर तर खड्डाच पडू शकतो, काही कापडं याच जातीच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळतात. खाली जुना सुती टॉवेल घ्या. नकली नखं चिकटवलेली असतील तर त्यांच्यावरचा रंग काढायला ॲसिटोन-फ्रीच वापरा, ॲसिटोनने ते नखच विरघळायला लागतं. पण त्यांचा गोंद याने पटकन सुटत नाही, त्यासाठी कोमट साबणाच्या पाण्यात बोटं बुडवून ठेवा, कडेने तेल सोडा आणि हलकं हलकं हलवा.

घरात कुणाचं ऑपरेशन असेल तर हॉस्पिटलवाले आदल्या दिवशी नखं साफ करून या म्हणून सांगतात, ते टाळू नका. बोटाला लावायचा जो चिमटा असतो तो नखातून लाल आणि इन्फ्रारेड उजेड आरपार सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजतो, गडद निळा, काळा, हिरवा रंग असेल तर आकडा चुकू शकतो. रात्री अकराला लक्षात आलं आणि रिमूव्हर संपलंय, असं झालं तर घरातलंच कुठलंही पातळ, फिकं नेलपेंट जुन्या रंगावर जाड लावा आणि वाळायच्या आत, लगेच, कापसाने पुसा. त्यातलं सॉल्व्हंट खालचा रंग सोडवतं, दोन-तीनदा करावं लागेल पण निघतं. परफ्यूम आणि सॅनिटायझरने रंग नुसता मऊ आणि चिकट होतो. हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही, त्यात टोल्युइन आणि आणखी काय काय असतं, ते कातडीसाठी केलेलं नाही, आमच्याकडे ते हातमोजे घालून हाताळतात. जेल असेल आणि काढायला वेळच नसेल तर नर्सना आधीच सांगा, चिमटा बोटाला आडवा किंवा कानाच्या पाळीला पण लावता येतो.

वापरलेला कापूस संडासात टाकू नका आणि लगेच बंद डब्यातही कोंबू नका. गॅलरीत, दिव्या-गॅसपासून लांब, वाटीत तासभर उघडा ठेवला की वाफ निघून जाते, मग कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात. बाटलीत तळाला उरलेलं सिंकमध्ये ओतायचं नाही, तेही कापसावर घेऊन असंच उडू द्यायचं.